बेटावरच्या चर्चला जुने कपडे नकोत, स्क्रू हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पॅसिफिक महासागरातल्या वादळग्रस्त बेटांवरील चर्चना मदत करावी, या आवाहनावर आपल्या पत्रस्तंभात दोन पत्रे आली. एकात जुन्या कपड्यांच्या पेट्या भरून पाठवण्याची सूचना होती. दुसऱ्यात, अडल्या माणसाला तांदूळ देऊन बाप्तिस्मा द्यायचा हा जुनाच उद्योग आहे, असा आक्षेप होता. दोन्ही पत्रलेखकांच्या हेतूबद्दल शंका नाही; पण दोघांच्या डोळ्यांसमोर जे बेट आहे ते नकाशावर सापडणार नाही. म्हणून वानुआतूचे उदाहरण घेऊन जरा सविस्तर लिहितो. पत्र लांबले आहे. कात्री लावायचीच झाली तर छपराचा भाग तेवढा राखावा, ही विनंती.

वानुआतू म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला पसरलेली ८० हून अधिक बेटे आणि सगळी मिळून वस्ती सुमारे ३ लाख. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. १३ मार्च २०१५ रोजी ‘पाम’ हे पाचव्या श्रेणीचे चक्रीवादळ एफाते, एरोमांगो आणि तान्ना या बेटांवरून गेले तेव्हा वाऱ्याचा सलग वेग ताशी २५० किलोमीटर होता. सुमारे १७ हजार इमारती पडल्या किंवा मोडल्या आणि नुकसान देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या ६४ टक्क्यांच्या घरात गेले. ६ एप्रिल २०२० ला ‘हॅरोल्ड’ आले ते एस्पिरितु सांतो, मालेकुला आणि पेंटेकोस्ट या उत्तरेकडच्या बेटांवर; झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, दुसऱ्याच दिवशी. मार्च २०२३ मध्ये तर ‘ज्युडी’ १ तारखेला आणि ‘केव्हिन’ ३ तारखेला, अशी दोन वादळे एकाच आठवड्यात. तिथल्या बिस्लामा बोलीत वादळाला ‘हरिकेन’च म्हणतात आणि नोव्हेंबर ते एप्रिल हा त्याचा हंगाम गृहीत धरूनच गावाचे वर्ष आखले जाते.

आधी धर्मांतराचा मुद्दा. वानुआतूतली बहुसंख्य माणसे चार-पाच पिढ्यांपासून ख्रिस्ती आहेत. १८३९ मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जॉन विल्यम्स एरोमांगोच्या किनाऱ्यावर मारले गेले, १८४८ मध्ये कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाहून आलेले जॉन गेडी अनेत्युमवर स्थिरावले, तेव्हापासूनचा हा इतिहास आहे. प्रेस्बिटेरियन चर्च तिथे सर्वांत मोठे. ते १९४८ पासून स्वायत्त आहे, म्हणजे देशाच्या स्वातंत्र्याच्या ३२ वर्षे आधी. १९८० मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा पहिले पंतप्रधान झालेले वॉल्टर लिनी हे स्वतः अँग्लिकन धर्मगुरू होते. आज बाहेरून येणारा मिशनरी तिथे पाहुणा असतो आणि पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, गावचाच असतो.

आक्षेप घ्यायचाच असेल तर तो वेगळ्या जागी घ्यावा, आणि तो खराही आहे. एका छोट्या बेटावर प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन, कॅथलिक, सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट अशा चार मंडळ्या नांदतात. मदतीची यादी पाळकाने एकट्याने केली तर ती न कळत त्याच्या हजेरीपटावरून होते. तान्नावर ‘कस्टम’ पाळणारी, म्हणजे जुन्या रीतीने राहणारी गावे आहेत, जॉन फ्रम नावाच्या गूढ पुरुषाला मानणाऱ्या स्थानिक पंथाचे अनुयायी आहेत. ती अशा यादीत शेवटी येतात किंवा येतच नाहीत. रेडक्रॉस आणि इतर मदतसंस्थांनी १९९४ मध्ये मान्य केलेल्या आचारसंहितेचे तिसरे कलम सांगते की मदत कुठल्याही धार्मिक वा राजकीय मताच्या प्रसारासाठी वापरायची नाही. कागदावर हे कोणालाही मान्य असते. ते जमिनीवर उतरवायचा उपाय साधा आहे. यादी घरटी करायची, मंडळीनिहाय नाही. ती विभाग परिषदेच्या अधिकाऱ्याकडून आणि एखाद्या दुसऱ्या चर्चच्या महिला मंडळाकडून पडताळून घ्यायची. मग नाकामालच्या, म्हणजे गावच्या चावडीच्या दारावर दोन दिवस लावून ठेवायची. कोणाचे नाव राहिले ते दोन दिवसांत आपोआप कळते. ज्या मिशनला एवढे करायचे नाही त्याला पैसे देऊ नयेत, असे मी स्पष्टच म्हणेन.

आता छप्पर. वादळाचा इशारा आला की गाव जाते कुठे? शाळेत नाही तर चर्चमध्ये, कारण पक्क्या भिंतींची मोठी इमारत बहुधा तेवढीच असते. आणि नेमकी हीच इमारत वाऱ्यासमोर सर्वांत दुबळी ठरू शकते. आत आडव्या भिंती नाहीत, गाळा लांब, त्रिकोणी दर्शनी भिंत उंच, खिडक्या मोठ्या आणि त्यांना काचेच्या फिरत्या पट्ट्या, म्हणजे लुव्हर. घराचे चार खोल्यांचे खोके एकमेकाला धरून राहते. चर्चला धरायला कोणी नसते.

ताशी २५० किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला ६९ मीटर. त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे २९० किलो भरतो. दहा फुटी पन्हळी पत्र्याचे झाकणारे क्षेत्र सव्वादोन चौरस मीटर धरले तर एकट्या पत्र्याला साडेसहाशे किलोची ओढ लागते, आणि ती वरच्या दिशेने. वळचण, आढे आणि दोन्ही टोकांच्या कडा इथे हिशेबात याच्या दीडपट-दुपटीने धरावी लागते. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो हे विसरले की गफलत होते: १२५ च्या वाऱ्यात टिकलेले छप्पर २५० च्या वाऱ्यात दुप्पट नव्हे, चौपट ओढले जाते. ‘मागच्या वादळात काही झाले नाही’ हा पुरावा म्हणून कामाचा नाही.

मोडण्याचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखा असतो. वाऱ्याच्या बाजूचे दार किंवा खिडकी फुटते. आत शिरलेला वारा छपराला खालून ढकलू लागतो, बाहेरची ओढ वरून चालूच असते. वळचणीचा पत्रा सुटतो, मागोमाग रांग सुटते. छपराने धरून ठेवलेली भिंतीची वरची कड मोकळी होते आणि उंच त्रिकोणी भिंत आत कोसळते. आत आसऱ्याला बसलेली माणसे नेमकी तिच्याखाली असतात. म्हणून लुव्हरच्या खिडक्यांना प्लायची झडप आणि दाराला वर-खाली अडसर हा खर्च छपराच्या खर्चातच धरायचा असतो. ‘नंतर बघू’ म्हटले की तो कधीच होत नाही.

वादळानंतर मलबा बघितला तर एक गोष्ट लगेच दिसते. पत्रे रिपांसकट, म्हणजे त्यांच्याखालच्या आडव्या लाकडांसकट, उडालेले असतात. म्हणजे पत्रा रिपेला घट्ट होता, पण रीप वाश्याला, म्हणजे खालच्या उतरत्या लाकडाला, एकाच खिळ्याने मारलेली होती. खिळा आडव्या जोराला टिकतो. सरळ उपसला तर दाढेसारखा निघून येतो. पत्रा ते रीप, रीप ते वासा, कैची (वाश्यांची त्रिकोणी चौकट) ते भिंत, भिंत ते पाया अशी ही साखळी आहे. देणगीचे पैसे बहुधा पहिल्या कडीवर खर्च होतात, कारण नवा पत्रा फोटोत चमकतो. बाकीच्या कड्या झाकल्या जातात.

नेमके काय लागते ते एका नमुन्यावर सांगतो. चर्च १८ मीटर लांब, ८ मीटर रुंद, म्हणजे साधारण साठ फूट बाय सव्वीस. छप्पर दुपाखी, उतार ३० अंशांचा. फार सपाट छप्पर जास्त उचलले जाते, म्हणून हा उतार. वळचण बाहेर ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त काढायची नाही. व्हरांडा हवाच असेल तर त्याचे छप्पर वेगळे, मुख्य छपराला न जोडलेले. म्हणजे तो गेला तर एकटा जातो. प्रत्येक पाख्यावर ५ मीटर लांबीचे २५ पत्रे, दोन्ही मिळून ५०. रिपांच्या ७ ओळी. मधले अंतर ९० सेंटिमीटर, वळचण आणि आढ्यापाशी ६०. कडेच्या चार ओळींत पन्हळीच्या प्रत्येक माथ्यावर एक स्क्रू, मधल्या तीन ओळींत एकाआड एक. हिशेब एका पत्र्याला ५५ स्क्रूंवर जातो. सगळ्या छपराला पावणेतीन हजार, आणि टोकाच्या कडा व वाया जाणारे धरून ३ हजार. नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे प्रत्येक रिपेवर पत्र्यामागे तीन या मापाने, हेच काम हजारात भागवतात. उडते ते इथेच.

स्क्रू लाकडात बसणारा, ६५ मिलिमीटर लांब, निदान १२ गेजचा आणि समुद्रकाठच्या लेपाचा हवा. डोक्याखाली पन्हळीच्या आकाराचा रुंद वायसर आणि त्याखाली रबर. स्टेनलेसचा स्क्रू भारी म्हणून कोणी आणतो, पण जस्त-अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात तो बसवला की खाऱ्या हवेत त्याच्याभोवतीचा पत्राच खाल्ला जातो. स्क्रू किती आवळायचा हे शिकवावे लागते. रबर वायसरच्या कडेबाहेर किंचित डोकावले की थांबायचे. त्यापुढे आवळला तर माथा चेपतो, तिथे पाणी साचते आणि पत्र्याला चीर जायला जागा मिळते.

ही चीर हा वेगळा विषय आहे. ऑस्ट्रेलियातले डार्विन शहर १९७४ च्या नाताळात ‘ट्रेसी’ वादळाने झोपवले. तेव्हा अभियंत्यांच्या लक्षात आले की पत्रे एका फटक्यात गेले नव्हते. हजारो झोतांनी वर-खाली होऊन स्क्रूच्या भोकाभोवती चिरा पडल्या आणि शेवटी डोके पत्र्यातून आरपार निघाले. स्क्रू मात्र लाकडात शाबूत. तार वाकवून वाकवून तोडतो तसे. ज्युडी आणि केव्हिनसारखी लागोपाठ वादळे म्हणूनच वाईट. पहिल्यात टिकलेले छप्पर दुसऱ्याच्या वेळी आतून दमलेले असते. पडझडीतला पत्रा पुन्हा वापरताना प्रत्येक भोक उन्हाकडे धरून बघायचे. भोवती चांदणीसारखी बारीक चीर दिसली तर तो पत्रा चर्चवर चढवायचा नाही. स्वयंपाकाच्या खोपटाला किंवा संडासाला चालेल.

उरल्या पट्ट्या. रीप आणि वासा जिथे छेदतात त्या प्रत्येक जागी ३० मिलिमीटर रुंदीची जस्ताच्या लेपाची पट्टी रिपेवरून पलीकडे घ्यायची आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच खिळे मारायचे. कैच्या ९० सेंटिमीटरवर असतील तर २१ कैच्या, दोन पाख्यांच्या १४ रिपा, म्हणजे २९४ सांधे. त्यावर कैची आणि भिंत यांचे ४२. एकूण साडेतीनशेच्या आत पट्ट्या आणि साडेतीन हजारांच्या आत खिळे. ही सगळी सामग्री दोन-तीन खोक्यांत मावते आणि बाकी छपराच्या मानाने तिची किंमत किरकोळ. तरीही ती आणायची राहून जाते, कारण देणगीदाराच्या यादीत ‘पत्रे’ असे लिहिलेले असते, ‘पट्ट्या’ कोणी लिहीत नाही.

भिंतीत एक चोरवाट आहे. पोकळ सिमेंट ब्लॉकच्या भिंतीत पायापासून निघालेली १२ मिलिमीटरची उभी सळई वरच्या पट्ट्यापर्यंत, म्हणजे रिंग बीमपर्यंत, सलग जायला हवी आणि तिच्याभोवतीची पोकळी काँक्रीटने भरलेली हवी. बऱ्याचदा सळई खिडकीच्या लिंटलला संपते. वाळू किनाऱ्यावरून उचललेली असली तर तिच्यातले मीठ दहा-पंधरा वर्षांत सळईच खाते. वाळू गोड्या पाण्यात धुवायची असते. बेटावर गोडे पाणीच मोजके, म्हणून धुतली जात नाही. कारण समजते, पण भिंतीला ते कारण चालत नाही.

कोकणातल्या वाचकाला यात ओळखीचे बरेच सापडेल. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात श्रीवर्धन, मुरुड, दापोलीकडची छपरे गेली तीही बरीचशी अशीच. पत्रा धरणारे इंग्रजी ‘J’ आकाराचे हुक सरळ होऊन निघाले किंवा सिमेंटचा पत्रा हुकाच्या भोकापाशीच फुटला. फरक एवढाच की दापोलीला पत्रा ट्रकने दोन दिवसांत येतो. वानुआतूच्या बाहेरच्या बेटाला तो बोटीने जातो आणि बोट केव्हा येईल ते समुद्र ठरवतो.

तिथल्या जुन्या बांधणीबद्दल दोन शब्द, कारण मिशनने एकेकाळी तिला मागास ठरवले होते. ठेंगणे, जमिनीपर्यंत उतरलेल्या छपराचे, वेलींनी बांधलेले घर. छपराला नातांगुरा या ताडाची पाने. (खरा साबुदाणा ज्या ताडांच्या गाभ्यातून काढतात त्यांच्याच कुळातला हा ताड.) असे घर वाऱ्याला धरायला जागाच देत नाही, आणि पानांतून हवा झिरपत असल्याने आत दाबही साचत नाही. पाममध्ये अधिकृत मृत्यू ११ वर राहिले त्यामागे वेळेवर मिळालेल्या इशाऱ्यांबरोबर अशा आसऱ्यांचाही वाटा होता. चर्चच्या आवारात सिमेंटच्या इमारतीशेजारी एक ठेंगणा नाकामाल बांधणे हा आज शहाणपणाचा खर्च आहे. अडचण एकच: वादळाने नातांगुराचीही पाने ओरबाडलेली असतात, त्यामुळे पुरेशी पाने पुन्हा फुटेपर्यंत थांबावे लागते. तोवर ताडपत्री. रेडक्रॉसच्या निवारा संचात ४ बाय ६ मीटरच्या दोन ताडपत्र्या, दोर, करवत, हातोडी, फावडे, कुदळ, कोयता, पत्रा कापायची कात्री, खिळे आणि बांधायची तार असते. हा संच एका कुटुंबाला पुरतो आणि त्यात अनावश्यक काही नाही. काय पाठवावे असा प्रश्न पडणाऱ्याने ही यादी एकदा वाचावी.

छपरानंतर पाणी, आणि ते छपराशीच जोडलेले आहे. वर सांगितलेल्या चर्चच्या छपराचे आडवे क्षेत्र वळचणीसकट १६० चौरस मीटरच्या आसपास. १० मिलिमीटर पाऊस पडला तर गळती-उडती वजा जाता सुमारे १,३०० लिटर टाकीत येते. माणशी दिवसाला १५ लिटर हे आपत्तीतले किमान माप धरले तर ८५ माणसांची एका दिवसाची सोय. पहिले ८० लिटर टाकीत जाऊ द्यायचे नाहीत. छपराचे पाणी गोळा करणाऱ्या पन्हळीच्या उतरत्या नळाला बाजूला एक उभा आंधळा पाइप जोडला की पक्ष्यांची घाण, पाने आणि मीठ त्यात अडकते. पावसानंतर तो रिकामा करायला माणूस नेमावा लागतो. नेमला नाही तर दुसऱ्या पावसापासून पाइप असून नसल्यासारखा. तान्नावर यासुर ज्वालामुखी सतत राख टाकतो. त्या राखेतले फ्लुओराइड पाण्यात उतरते आणि ते क्लोरीनने जात नाही, म्हणून तिथे पहिले पाणी दुपटीने सोडलेले बरे.

६ हजार लिटरच्या टाकीचे गणित: ६५ ते ७० टक्के क्लोरीनची पूड असेल तर १८ ग्रॅम पुरे. म्हणजे लिटरला १५ ग्रॅम या मापाने द्रावण करून त्यातले १.२ लिटर. गाळ बसू द्यायचा, वरचे स्वच्छ पाणी तेवढे टाकीत ओतायचे, अर्धा तास थांबायचे आणि मग तपासायचे. लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन दिसला की प्यायला हरकत नाही. जास्त झाला तर वास येतो आणि लोक ओढ्यावर जातात, म्हणजे सगळा खटाटोप वाया.

विहिरीबद्दल एक इशारा. अनिवा हे तान्नाजवळचे सखल प्रवाळी बेट. १८६६ मध्ये तिथे आलेल्या जॉन पॅटन यांनी खणलेल्या विहिरीला गोडे पाणी लागले, ही गोष्ट मिशनच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. अशा बेटाखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तवंगासारखे तरंगत असते. लाट विहिरीत शिरली की उत्साही मदतनीस पंप लावून विहीर कोरडी उपसतात, आणि खालचे खारे पाणी वर येते. बरोबर रीत उलटी आहे: गाळ आणि कचरा काढायचा, वरवरचे पाणी हळूहळू उपसायचे आणि बाकी काम पावसावर सोडायचे. त्याला महिने लागतात. देणगीचा अहवाल तीन महिन्यांत मागणाऱ्या संस्थेला हे पटवणे कठीण जाते.

मग शेत. तिथले याम म्हणजे आपले कोनफळ, तीच जात. लावणी ऑगस्ट ते ऑक्टोबर, काढणी मार्च-एप्रिलपासून; पहिले कंद अनेक गावांत चर्चमध्ये अर्पण होतात. पाम मार्चमध्ये आले, म्हणजे ताट वाढलेले असताना. शिवाय त्या वर्षी मागून एल निनोचा दुष्काळ आला. वादळानंतर पहिल्या आठवड्यात हलून सैल झालेला कसावा, म्हणजे साबुदाण्याचा कंद, उपटून शिजवून टाकायचा, कारण मुळे हलली की तो जमिनीतच कुजतो. त्याच्या दांड्याचे वीतभर तुकडे लगेच लावायचे. रताळ्याचे फूटभर वेल लावले की तीन-चार महिन्यांत कंद हाती येतात. कसाव्याला आठ-दहा महिने, केळीला जवळजवळ वर्ष, नव्या नारळाला पाच-सात वर्षे. श्रीवर्धनच्या सुपारीवाल्यांना यातले शेवटचे वाक्य समजावून सांगायला नको.

म्हणजे खरा खड्डा पहिल्या तीन-चार महिन्यांचा. तेवढ्यात तांदूळ आला नाही तर लोक पुढच्या लावणीसाठी राखलेले कोनफळाचे बेणे खातात. बेणे खाल्ले की पुढचेही वर्ष गेले. तांदूळ लवकर द्यायचा तो बेणे वाचवण्यासाठी. आणि रताळी निघू लागली की तांदूळ थांबवायचाही असतो, हे अनेक मिशन विसरतात. परदेशी भाजीच्या बियाण्यांची पाकिटे मात्र पाठवू नयेत. ती बंदरात तपासणीला अडकतात, आणि सुटली तरी त्यांचे बी पुढच्या वर्षी धरता येईलच असे नाही.

कपड्यांच्या पेटीकडे आता येतो. २०१६ मध्ये फिजीत ‘विन्स्टन’ वादळानंतर न मागता आलेल्या सामानात उंच टाचांचे बूट, लोकरीचे स्वेटर, गालिचे आणि हातपिशव्या होत्या. पामनंतर पोर्ट विलाच्या धक्क्यावर अशा मदतीचे कंटेनर महिनोन्‌महिने पडून होते. त्यांचे भाडे चढत गेले आणि आतले अन्न मुदत उलटून खराब झाले. छोट्या बंदरात क्रेन मोजक्या, गोदाम मोजके. एक स्वेटरचा कंटेनर उतरतो तेव्हा एक पत्र्यांचा कंटेनर मागे थांबतो. स्वयंसेवकांच्या टोळ्यांचेही तेच. दहा दिवस भिंती रंगवायला आलेली बारा माणसे गावाचे पाणी पितात, गावाच्याच छपराखाली झोपतात. त्याऐवजी चर्चांनीच चालवलेल्या ग्रामीण प्रशिक्षण केंद्रांतून तयार झालेल्या स्थानिक सुताराला सहा महिन्यांची मजुरी द्यावी; तो पट्टी कशी मारायची हे पुढच्या गावाला जाऊन शिकवतो. हॅरोल्डच्या वेळी करोनामुळे देशाच्या सीमा बंद होत्या. परदेशी कार्यकर्ते येऊ शकत नव्हते, आलेले सामानही आधी विलगीकरणात ठेवले जात होते. तरी मदतकार्य चालले ते स्थानिक समित्या, चर्च आणि सरकारी यंत्रणा यांच्या बळावर. बाहेरच्या माणसांवाचून काय अडते आणि काय अडत नाही, हे त्या वर्षी नीट दिसले.

एक गोष्ट कोणत्याच यादीत नसते: चर्चची रजिस्टरे. बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदी म्हणजे अनेकांचा जन्माचा किंवा नात्याचा जुना लेखी पुरावा. भिजलेले रजिस्टर उघडून उन्हात ठेवले की पाने चिकटतात आणि शाई पसरते. खाऱ्या पाण्यात भिजले असेल तर मिटलेल्या स्थितीतच गोड्या पाण्यात हलके बुचकळावे, पिशवीत घालून शीतपेटी मिळेल तिथे गोठवावे. ते शक्य नसेल तर सावलीत, वाऱ्यावर, दर दहा-बारा पानांत कोरा शोषक कागद घालून आणि तो बदलत राहून वाळवावे. ४८ तासांत बुरशी धरते, तेवढाच अवधी असतो. दर एप्रिलमध्ये हंगाम संपल्यावर सगळ्या पानांचे फोटो काढून प्रत दुसऱ्या बेटावर ठेवली तर हे काहीच करावे लागत नाही.

राहता राहिले पैसे, कारण इथल्या मंडळींना खरा प्रश्न तोच पडतो. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते आणि तीत देणगी बसते. बँकेत ए-२ अर्ज भरावा लागतो, पॅन लागतो. देणगीवरची, ‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी आयकराची सवलत मिळत नाही. ही सोय व्यक्तीसाठी आहे, चर्चच्या न्यासासाठी नाही. न्यासाने भारताबाहेर केलेला खर्च आयकरात धर्मादाय म्हणून धरून घ्यायचा तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. म्हणून रविवारच्या थैलीतली रक्कम परस्पर परदेशी पाठवण्याचा ठराव करण्याआधी सनदी लेखापालाला विचारावे. पैसे स्वीकारणारी संस्था तिथल्या चर्चची किंवा वानुआतू ख्रिश्चन कौन्सिलची ओळखीची असावी, आणि ‘छप्पर’ एवढेच न लिहिता स्क्रू, पट्ट्या, झडपा, पन्हळ, टाकी आणि सुताराची मजुरी अशा वेगळ्या रकमा दाखवणारे अंदाजपत्रक मागावे. ज्या अंदाजपत्रकात पट्ट्या नाहीत ते परत पाठवावे.

रक्कम जूनपर्यंत पोहोचली तर सामान ऑगस्टात बोटीवर चढू शकते आणि नोव्हेंबरच्या आत छप्पर पुरे होऊ शकते. अडचण अशी की कोनफळाची लावणीही याच तीन महिन्यांत असते. तेव्हा गावाचे हात आठवड्याचे सहाही दिवस चर्चच्या छपरावर मिळतील असे धरून वेळापत्रक आखू नये. तीन दिवस धरावेत.

आपला,
एक वाचक, वसई